वारा बरा नाय

माझ्या शेतघराच्या वास्तुशांतीला गुरुजींनी होम पेटवला आणि सोमाबाबाने तो विझवला.

चुकून धक्का लागला, तांब्या कलंडला, असलं काही झालं नाही. कापूर पेटला, समिधा धरल्या, धूर जरा पाहुण्यांच्या बाजूला वळला. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेला सोमाबाबा उठला, माझ्या बायकोच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या त्याने उचलला आणि शांतपणे कुंडात ओतला. चर्र झालं. गुरुजींचा मंत्र अर्ध्यात तुटला.

"वाऱ्याच्या अंगानं लावलीय," सोमाबाबा म्हणाला. "अशी लावली की ती मान्सांवर येती. आता त्या कोपऱ्यानं लावा."

"अहो, अग्नी आहे हा! देवता आहे!"

"म्हनून तर सांगतो."

गुरुजींनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. सोमाबाबाने दाखवलेल्या कोपऱ्यानेच पेटवलं, कारण तांब्या अजून त्याच्या हातात होता. धूर तरीही पाहुण्यांच्याच डोळ्यांत गेला. माझ्या सासुरवाडीची मंडळी पदराने आणि रुमालाने डोळे पुसत बसली. सोमाबाबाने बोट ओलं करून वर धरलं, जरा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "वारा फिरला. त्याला मी काय करू?" मग तो पंगतीला बसला आणि व्यवस्थित जेवला.

त्या दिवशी माझं आणि त्याचं जे सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही.

जागा सांगतो म्हणजे भांडण कळेल. नाशिकहून गिरणारे मागे टाकून पश्चिमेला गेलं की रस्ता डोंगरांत शिरतो. तिथे एका डोंगराच्या पायथ्याला माझी केसर आंब्याची बाग आहे. मी कोथिंबिरीच्या जुड्या विकत वर आलेला माणूस. भल्या पहाटे बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी प्रेमाने बोललो तरी लोकांना वाटतं भांडतोय. आणि बहुतेक वेळा मी भांडतच असतो. बापाने काही ठेवलं नव्हतं. ही पडीक जमीन मी एका नाशिककराशी घासाघीस करकरून घेतली, त्याला शेवटी माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून त्याने दिली. एकेक कलम मी स्वतः लावलं. बागेच्या वर सोमाबाबाचा उतार आहे, त्यावर नुसतं कमरेएवढं गवत. गवताच्या वर जंगल.

उन्हाळ्यात या डोंगराला वणवा लागतो. कोण लावतं? कोणी मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळतो, कोणी बिडी टाकतो, कोणी उगाच. विचारलं की प्रत्येक जण पलीकडच्या पाड्याकडे बोट दाखवतो, आणि पलीकडच्या पाड्यात गेलं की ते इकडे बोट दाखवतात. दर वर्षी डोंगर काळा होतो, दर वर्षी लोक मोबाईलवर फोटो काढून हळहळतात, आणि पाऊस पडून हिरवं झालं की विसरतात. मी हळहळणंसुद्धा सोडलंय. या डोंगराचं काही होणार नाही. मला फक्त माझी बाग वाचवायची आहे.

त्याला उपाय एकच. उन्हाळा तापायच्या आधी, गवत वाळलं पण पेटून सुटण्याइतकं कडक झालं नाही अशा दिवसांत, बाग आणि डोंगर यांच्यामधला एक पट्टा आपणच जाळून काळा करून ठेवायचा. मग वरून वणवा आला की त्याला तिथे खायला काही मिळत नाही आणि तो थांबतो. याला जाळरेषा म्हणतात. ही जाळरेषा सोमाबाबाच्या गवतातून जाते. म्हणजे काडी लावायचा हक्क त्याचा. माझं सगळं दुखणं या एका वाक्यात आलं.

सोमाबाबाने हयात जंगल खात्याच्या जाळरेषा जाळण्यात घालवली. कायम कधीच झाला नाही. हिवाळा सरताना बोलवायचे, पावसाळा लागला की "बरंय, ये आता" म्हणायचे. अंगाने वाळक्या काटकीसारखा. डाव्या डोळ्यावर भुवई नाही. कशी गेली विचारलं तर सांगतो, "मी बगाया वाकलो, आन ती माज्या आधी उठली." यातली ती म्हणजे आग. बायकोलाही तो तीच म्हणतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना आधी कोण उठली ते नीट विचारून घ्यावं लागतं.

पाड्यातली कोणतीही आग त्याच्या नजरेतून सुटत नाही. कुणी बिडी पेटवली तर काडी कुठल्या बाजूने आडोशाला धरली ते बघतो आणि मान हलवतो. होळीच्या लाकडांभोवती संध्याकाळपासून फेऱ्या मारतो, वरची फांदी खाली आणि खालची वर करतो, आणि पोरांनी बोंबा मारून मारून घसा बसवला तरी काडी लावू देत नाही. एकदा पाड्यात मयत झालं. चितेला अग्नी द्यायला मुलगा पुढे झाला तर याने त्याचा हात धरला. "हिकडनं नको. त्या बाजूला सोयरे रडत्यात, धूर जाईल." रडणारे सोयरे रडणं थांबवून, एकमेकांना धरत, दगडांवरून दुसऱ्या बाजूला गेले. तिथे सगळ्यांना नीट उभं राहायला मिळालं की नाही हे याने पाहून घेतलं. मग "हां, आता" म्हणाला. ते "हां, आता" मुलाला होतं, पण सोयऱ्यांनीही ऐकलं आणि पुन्हा रडायला सुरुवात केली.

घरात तर विचारूच नका. "लगीन झाल्यापासनं माजी चूल चुकीची पेटती म्हनतो," त्याची बायको सखूआजी सांगते. "आन भाकर मातर रोज बरूबर भाजती. कशी भाजती त्ये इचारा त्याला."

आगीच्या जाती तो न विचारता सांगतो. वाऱ्याबरोबर सोडलेली आग म्हणजे जावई. "वाजत गाजत येतो, वरवरचं खातो, हात पुसून फुडं जातो. मागं बुडखे तसंच." वाऱ्याच्या उलट लावलेली, इंच इंच मागे सरकत येणारी आग ती सासू. "तिला घाई नाय. पन एक काडी सोडायची नाय. जाळरेषेला सासूच पायजे." आणि वाऱ्याला आडवी, कडेकडेने लावलेली ती शेजारीण. "तिच्यावर डोळा ठिवावा लागतो. आत्ता गुमान चालली व्हती, आत्ता घरात शिरली."

"आणि चढाच्या पायथ्याला कुणी लावली तर?" मी एकदा विचारलं.

"तर जावई दारू पिऊन आला. मग त्याच्या म्होरं कुनी उबं राहू नये. डोंगराला नेहमी वरनं लावावी शेठ, म्हंजी उतारावर दबकत येती."

"आन सासरा कंचा?" सखूआजीने आतून विचारलं.

"सासरा इझलेला असतो," सोमाबाबा म्हणाला.

आता हत्यारांचं. पेटवायला कुणी टायरचा तुकडा तारेला बांधून ओढतात, कुणी पेटती गोवरी ओढतात, कुणी नुसत्या काड्या ओढून फेकत जातात. सोमाबाबाला यातलं काही चालत नाही. टायर घरंगळला तर जावयाच्या आधी खाली पोचतो. गोवरी कुठे सांडली ते कळत नाही. काडी फेकणं म्हणजे त्याच्या मते देवाला दगड मारणं. त्याला लागते चूड. कारवीच्या वाळक्या काठ्यांची पुरुषभर लांब जुडी, घायपाताच्या वाखाने बांधलेली, पावसाळाभर चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलेली. चुडीने गवताला टेकवायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा टेकवायचं. चूड हळू चालते. आणि ती हळू चालते म्हणून बाजूने माणसं लागतात. रेषेच्या वरच्या कडेला अंतराअंतरावर एकेक जण, हातात पानांची ओली फांदी. आग कडेबाहेर जीभ काढते तिथे झोडपायची. मागे पाण्याची भांडी घेऊन आणखी कुणी. एकट्याचं काम नव्हे.

आणि नेमक्या याच दिवसांत पाड्यात माणूस नसतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं काढायला येतात. ज्याला हात आहेत तो जीपमध्ये बसून तिकडे जातो, बायकापोरं, गोधड्या, कोंबडी, सगळं घेऊन. मागे राहतात म्हातारे, कुलपं आणि सोमाबाबा.

माणसं नाहीत ना, मग माणसं आणू. मी नाशिकच्या नाक्यावरून एक टेम्पो भरून मजूर आणले. सोमाबाबाने त्यांना अंगणात ओळीने उभं केलं आणि एकेकाच्या सदऱ्याला चिमटा काढत निघाला. "नायलॉन. घरी जा. ह्ये बी नायलॉन, अंगाला चिकटंल, घरी जा." एकाचा सदरा सुती निघाला. मला हायसं वाटलं. सोमाबाबाने त्याच्या तोंडाचा वास घेतला. "ह्याला तर चूड बी लागायची नाय." टेम्पो आला तसा भरून परत गेला.

"पगारी माणसं आहेत बाबा, सांगाल ते करतील!" मी ओरडलो.

"आग उटली की पगारी मानूस आधी टेम्पो कुटं हाय त्ये बगतो," तो म्हणाला. "आन आज वारा बरा नाय."

हे त्याचं शेवटचं वाक्य. म्हणजे कोणत्याही बोलण्यातलं शेवटचं. गेल्या वर्षी रोज सकाळी मी नाशिकहून फोन लावायचो.

"बाबा, आज?"

"वारा बरा नाय."

"इथे तर पानसुद्धा हलत नाहीये!"

"म्हनून तर. मेलेला वारा कुटं बी जातो. जरा पायजे."

दुसऱ्या दिवशी झुळूक असायची. "आज जास्त हाय." तिसऱ्या दिवशी बेताची असायची. "आज बरा हाय, पन बिनभरवशाचा हाय." मी गच्चीवर उभा राहून बोट ओलं करून धरायचो. बायको म्हणायची, "खाली या, शेजारी बघतायत."

आणि होळीच्या तोंडाला वणवा आला. आमचा नव्हे, कुणाचा तरी. डोंगराच्या माथ्यावरून, भर दुपारी, वाजत गाजत. मी पोचलो तेव्हा सोमाबाबा आणि सखूआजी दोघंच उतारावर फांद्या घेऊन झोडपत होती. ती दोघं काय झोडपणार? बागेच्या वरच्या रांगा मोहोरासकट गेल्या. ज्वाळा न लागताही झाडं मरतात हे मी त्या दिवशी पाहिलं. नुसत्या झळीने पानं तांबडी होऊन कागदासारखी वाजत होती. लहान मुलाला ताप आल्यावर कपाळाला हात लावावा तसा मी एका खोडाला हात लावला आणि भाजल्यामुळे काढून घेतला.

"जावई व्हता," सोमाबाबा म्हणाला.

मी त्याला तेव्हा जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मागे घेण्यासारखंही नाही. महिनाभर हा माणूस वाऱ्याला नावं ठेवत बसला आणि माझी झाडं गेली. त्या जागी नवी कलमं लावलीत, पण आंबा काही कोथिंबीर नाही. ती फळाला येतील तेव्हा माझे दात असतील की नाही कोण जाणे. खालच्या रांगा राहिल्यात. यंदाही जाळरेषा झाली नाही तर त्याही जाणार, मग मी बाग विकून टाकीन, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. घरातल्यांनीही नको म्हटलं नाही.

म्हणून यंदा मी हत्यार बदलायचं ठरवलं. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. मोबाईलवर परदेशातल्या जंगलवाल्यांचं एक साधन दाखवलं: लोखंडी डबा, त्याला लांब वाकडी तोटी, तोटीच्या टोकाला वात. आत डिझेल आणि थोडं पेट्रोल. वात पेटवून डबा तिरका केला की आगीचे थेंब गवतावर पडत जातात, आपण चालत राहायचं. त्याने तशी किटली बनवून दिली. मी ती तीन वेळा परत केली, तोटीचा बाक बदलून घेतला, गळती काढून घेतली. शेवटी तो म्हणाला, शेठ, आता घेऊन जा आणि पुन्हा येऊ नका. सोबत पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला, कडा ओल्या करायला. एक माणूस पेटवील, दुसरा भिजवील, काम संपलं. झोडपणारे नकोत, द्राक्षवाल्यांची वाट बघणं नको.

सोमाबाबाच्या अंगणात मी ती ठेवली. तो तिच्याभोवती फिरला.

"चहा कुटाय?" त्याने विचारलं.

"थट्टा नको बाबा. बघा तरी."

त्याने बघितली. चेष्टा बाजूला ठेवून बघितली. टोपण काढून वास घेतला, हलवून आतला आवाज ऐकला, तोटीवरून बोट फिरवलं. मी मोकळ्या वावरात चालून दाखवलं. जमिनीवर आगीचे थेंब ओळीने पडले, शिवणीच्या टाक्यांसारखे.

"चांगली केलीय," तो म्हणाला.

माझा विश्वासच बसेना. "मग?"

"मंग काय? चांगली केलीय."

"दोघांचं काम आहे, बाबा. कुणीसुद्धा लागत नाही! तुम्ही आणि मी बस."

"दिसतंय की."

"मग वापरू या?"

त्याने डोंगराकडे पाहिलं. "वारा बरा नाय."

बाजारात मी एक गोष्ट शिकलोय. गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं तेव्हा त्याला तो घ्यायचा असतो. माल चांगलाय म्हणून निघून जातं तेव्हा अडचण मालात नसते, दुसरीकडे कुठेतरी असते. पण कुठे, ते मला सापडेना. मी सगळं करून पाहिलं. कोपरा तुम्ही ठरवा म्हटलं. किटली तुम्हीच धरा, मी नुसता पंप घेऊन मागे चालतो म्हटलं. गवत जळेल त्याच्याऐवजी तुमच्या जनावरांना वैरण पाठवतो म्हटलं. एकदा तर चिडून म्हटलं की बाबा, वाऱ्याकडे तुम्ही स्थळ बघायला आल्यासारखं का बघता, तो बरा नाही तर नाही, नांदायचंय का त्याच्याबरोबर? सखूआजी तोंडाला पदर लावून हसली. सोमाबाबा म्हणाला, "उद्या बगू."

मग एक दिवस दुपारी त्याचाच फोन आला. "शेठ, ये. फारेस्टवाल्याला सांगून ठिवलंय."

मी गाडी कशी हाकली मला आठवत नाही.

ऊन कललं होतं. उताराच्या खाली सखूआजीने पाण्याची भांडी मांडून ठेवली होती. हंडे, घागरी, बादल्या, एक दुधाची बरणी, घरात पाणी राहील असं जे जे काही होतं ते सगळं. मी धापा टाकत वर चढलो. सोमाबाबाने रेषेच्या दोन्ही कडा फावड्याने खरवडून माती उघडी केली होती. हे काम कित्येक दिवसांचं होतं, आणि मला तो त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता. त्याने धुतलेला सदरा घातला होता. हातात चूड होती, न पेटवलेली.

"माणसं कुठायत?" मी विचारलं.

"येत्यात."

तो खाली बसला. मीही बसलो. वाऱ्याची मंद, एकसारखी झुळूक दरीतून वर येत होती. मग खालच्या रस्त्यावर जीपचा आवाज आला. सोमाबाबा उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून बघू लागला. जीप वळणावर आली, पाड्याच्या फाट्यावर जरा मंद झाली, आणि पुढे गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभाच होता.

मग त्याने तोंडाभोवती हात धरले आणि रेषेच्या पार पलीकडच्या टोकाकडे बघून हाक मारली. "लक्षुमन रं!"

मी दचकलो. तिकडे कुणीच नव्हतं.

"बाबा, कुणाला ओरडताय?"

"काडी लावायच्या आधी हाक मारत्यात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ज्यानं त्यानं आपल्या जाग्यावरनं 'हाय' म्हनायचं. मंग धुरात कोन कुटं हाय त्ये कळतं. समद्यांचं 'हाय' आल्याबिगर लावायची नाय."

"पण तिथे कोणी नाहीये!"

"म्हाईत हाय मला."

लक्ष्मण म्हणजे त्याचा मुलगा. तो पिंपळगावकडे एका द्राक्षबागेवर बायकोपोरांसह राहायलाच गेलाय. मग त्याने चिंतूला हाक मारली. चिंतू पुतण्या, नाशिकला टेम्पो चालवतो. मग गोविंदाला. गोविंदा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, तो पावसाळ्यात वारला. आणखी काही नावं घेतली, ती माझ्या ओळखीची नव्हती. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, वाकलेल्या माणसाला उभं राहून 'हाय' म्हणायला लागेल तितकाच वेळ. मग नजर पुढच्या जागेवर न्यायचा.

तेव्हा मला त्या फांद्या दिसल्या. रेषेच्या वरच्या कडेला, अंतराअंतरावर, उंबराच्या ताज्या तोडलेल्या फांद्या ठेवलेल्या होत्या. पानं अजून चमकत होती. प्रत्येकीचा बुंधा बाहेरच्या बाजूला, माणसाने येऊन वाकलं की हातात यावा असा. तो ज्या ज्या जागेकडे बघून हाक मारत होता, तिथे तिथे एकेक फांदी होती. लक्ष्मणची, चिंतूची, गोविंदाचीसुद्धा.

आणि तो वारा. तो गेले कित्येक दिवस असाच होता. गेल्या वर्षीही असाच असणार. वारा कधी वाईट नव्हताच. चुडीला माणसं लागायची, म्हणून ती हातात होती तोवर कुणीतरी यायला हवं, असं म्हणत बसता येत होतं. आणि मी रोज त्याच्या दारात जाऊन ओरडून सांगत होतो की माझ्या हत्याराला कुणीसुद्धा लागत नाही.

"सखू!" त्याने हाक मारली.

"हाय रं हाय," खालून आवाज आला. "मी कुटं जाती?"

"शेठ!"

मी त्याच्या कोपराला कोपर लागेल इतका जवळ उभा होतो.

"हाय," मी म्हणालो.

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. "सदरा काढ. टेरिकॉटचा हाय."

मी सदरा काढला आणि बनियनवर उभा राहिलो. त्याने पुन्हा एकदा रेषेच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत नजर फिरवली. मग हातातली चूड गवताबाहेर, खरवडलेल्या मातीवर आडवी ठेवली.

"ती किटली आन," तो म्हणाला.

ती माझ्या गाडीच्या डिकीतच होती. मी आणली. त्याने वात पेटवू दिली, डबा तिरका केला आणि वरच्या कडेने चालू लागला. मी पाठीवर पंप घेऊन मागे. थेंब पडत गेले, गवत धरत गेलं, आणि आग वाऱ्याच्या उलट, उतारावरून हळूहळू खाली सरकू लागली. कुठेही कडेबाहेर गेली नाही. एकदाही झोडपावं लागलं नाही. मी सांगितलं होतं अगदी तसंच सगळं झालं. वाटेत त्याने आगीला ना सासू म्हटलं, ना आणखी काही. टोकाला पोचून आम्ही वळलो तेव्हा मागे काळा पट्टा पडत आला होता आणि त्याच्या खाली माझी बाग सुखरूप होती.

सौदा जिंकला की मी नेहमी दोन वाक्यं जास्त बोलतो. त्या दिवशी मी नुसता पाठीवरचा पंप उतरवून ठेवला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं, बाबा."

"लवकरच झालं."

त्याने किटली दगडावर नीट ठेवली, तोटी वर करून. मग तो वरच्या कडेने मागे निघाला. प्रत्येक जागेशी थांबून वाकायचा, फांदी उचलायचा, खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या जागेशी जायचा. शेवटी तो भारा त्याच्याहून मोठा झाला. पाठीमागून नुसती पानंच चाललेली दिसत होती, खाली दोन काटकुळे पाय.

"बाबा, टाका ना ते तिथेच," मी ओरडलो. "कशाला ओझं नेताय?"

"नको," पानांतून आवाज आला. "शेळ्या खातील."